न विरघळणाऱ्या औषधाच्या कणांवर स्टार्चचा लेप: काय साधतं, काय साधत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आयबुप्रोफेनच्या जातीचं एक औषध आहे, आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कण बारीक करून पाहिले, तरी डिसोल्युशनच्या (विरघळण्याचा वेग मोजण्याच्या चाचणीच्या) भांड्यात पावडर वरच तरंगते. म्हणून कणांवर नैसर्गिक स्टार्चचा लेप द्यायचा विचार आहे. कोणता स्टार्च घ्यावा, लेप कसा आणि किती द्यावा, आणि पहिल्या बॅचचा सुरेख निकाल तीन महिन्यांनी का घसरला, हे तुम्हाला हवं आहे. फॉर्म्युलेशनच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि स्टार्च हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. स्टार्चच्या लेपाने औषधाची विद्राव्यता वाढत नाही. स्फटिक तोच राहतो, त्यामुळे संपृक्त (आणखी काही विरघळू शकत नाही अशा) द्रावणात जेवढं औषध मावत होतं तेवढंच मावणार. बदलतो तो विरघळण्याचा वेग. नॉयस आणि व्हिटनी यांनी १८९७ मध्ये बेंझोइक आम्ल आणि लेड क्लोराइड घेऊन हा वेग मोजला आणि दाखवून दिलं, की संपृक्त पातळीपासून द्रावण जितकं लांब, तितका वेग जास्त. १९०४ पर्यंत ब्रुनर आणि नर्न्स्ट यांच्या कामातून समीकरणाला आजचं रूप आलं. त्यात पाण्याला प्रत्यक्ष लागलेलं पृष्ठफळ वर असतं आणि कणाला बिलगलेल्या स्थिर थराची जाडी खाली. ‘पाण्याला प्रत्यक्ष लागलेलं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. स्टार्चचा लेप जे काही भलं करतो ते तिथे करतो, आणि जे वाईट करतो ते त्या थराच्या जाडीत.

म्हणून पहिला निर्णय असा, की तुमच्या औषधाची अडचण नक्की कोणती? गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात कमी विद्राव्यता पण चांगली शोषणक्षमता असलेली औषधं दुसऱ्या वर्गात जातात. पण या वर्गात दोन वेगळ्या स्वभावाची औषधं एकत्र आली आहेत. बटलर आणि ड्रेसमन यांनी २०१० मध्ये त्याचे दोन भाग केले: एकात विरघळण्याचा वेग आडवा येतो, दुसऱ्यात विद्राव्यताच आडवी येते. लेप पहिल्या भागासाठी आहे. इट्राकोनॅझोलसारख्या औषधाची विद्राव्यता तटस्थ पाण्यात मिलीलिटरला नॅनोग्रॅमच्या पातळीवर असते. तिथे कण कितीही चांगले भिजले तरी उपयोग नाही. तिथे अस्फटिक सॉलिड डिस्पर्शन (औषध स्फटिक होऊ न देता पॉलिमरमध्ये मिसळणं), सायक्लोडेक्स्ट्रिन (औषधाचा रेणू पोटात धरणारी साखरेची कडी) किंवा तेलावर आधारलेला मार्गच घ्यावा लागतो.

तुमचं औषध आयबुप्रोफेनसारखं असेल तर हिशेब करून बघा. जठराच्या पीएचला त्याची विद्राव्यता मिलीलिटरला ०.१ मिग्रॅपेक्षाही कमी असते. म्हणजे ४०० मिग्रॅची गोळी २५० मिली पाण्याबरोबर घेतली, तरी जठरात २५ मिग्रॅसुद्धा विरघळू शकत नाही, मग लेप कोणताही असो. पण आतड्यात पीएच वाढला की तेच औषध मिलीलिटरला काही मिलिग्रॅम विरघळतं. तिथे जागेची कमतरता नाही, प्रश्न फक्त किती लवकर विरघळतं एवढाच. जठरातून बाहेर पडताना कण सुटे आणि भिजलेले असतील तर पुढे ते झटकन विरघळतात. गोळा होऊन आले असतील तर वेळ लागतो. लेपाकडून अपेक्षा एवढीच ठेवा: रक्तातली पातळी लवकर वर येईल, शिखर थोडं उंच होईल. एकूण शोषण आधीच चांगलं असेल तर त्यात फारसा फरक दिसणार नाही, आणि तो दिसला नाही म्हणून लेप फसला असंही समजू नका.

आता कण बारीक करूनही फायदा का झाला नाही, ते पाहू. ग्रिसिओफुल्विन बारीक केल्यावर त्याचा डोस निम्म्यावर आणता आला, हे उदाहरण सगळ्यांना शिकवलं जातं आणि ते खरंच आहे. पण १९६० च्या दशकात फिनासेटिनवर झालेलं काम फारसं कुणी सांगत नाही. साध्या आम्लात फिनासेटिनचे मोठे कण बारीक कणांपेक्षा लवकर विरघळले. त्यात थोडं पृष्ठसक्रिय द्रव्य (साबणासारखं, पाण्याचा पृष्ठताण कमी करणारं) घातल्यावर क्रम उलटला आणि बारीक कण पुढे गेले. कारण उघड आहे. पाण्याला नाखूष असलेली पावडर जितकी बारीक, तितकी ती एकमेकांना चिकटते आणि आत हवा धरून ठेवते. बीईटीच्या (वायू शोषवून पृष्ठफळ मोजणाऱ्या) यंत्रावर दिसणारं पृष्ठफळ वाढतं, पाण्याला लागणारं पृष्ठफळ घटतं.

हे तुमच्याकडे घडतंय का, हे पाहायला महागडं उपकरण लागत नाही. ३७ अंशाचं पाणी बीकरमध्ये घ्या, त्यावर चिमूटभर पावडर अलगद टाका आणि ढवळू नका. बिनलेपाची पावडर पृष्ठभागावर पसरून कोरडी राहते. काचेच्या कांडीने खाली दाबली तर चंदेरी आवरण घेऊन बुडते आणि सोडताच वर येते. ती चंदेरी झाक म्हणजे अडकलेली हवा. लेप नीट बसलेली पावडर काही सेकंदांत रंग बदलते, कडेपासून ओली होत जाते आणि ढगासारखी खाली उतरते. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणालाही डिसोल्युशनचं यंत्र लावू देत नाही. संपर्ककोन (पाणी पृष्ठभागावर किती पसरतं ते सांगणारा कोन) मोजायचा असेल तर वॉशबर्नच्या पद्धतीने, म्हणजे पावडरीच्या थरात पाणी किती वेगाने चढतं ते पाहून मोजा. दाबून केलेल्या चकतीवर थेंब ठेवून मोजलेला कोन स्टार्चच्या बाबतीत फसवा असतो, कारण थेंब ठेवताच पृष्ठभाग फुगायला लागतो.

स्टार्चच्या निवडीकडे येऊ. स्टार्चच्या साखळ्या दोन प्रकारच्या: सरळ ती अमायलोज, फांद्यांची ती अमायलोपेक्टिन. बहुतेक नैसर्गिक स्टार्चमध्ये अमायलोज २० ते ३० टक्के आणि बाकी अमायलोपेक्टिन असतं. वॅक्सी मक्यात जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिन, तर हाय-अमायलोज मक्यात अमायलोज ५० ते ७० टक्के. अमायलोज सरळ साखळीचं असल्यामुळे त्याची फिल्म मजबूत होते, आणि ‘चांगली फिल्म’ या शब्दाला भुलून अनेक जण हाय-अमायलोज स्टार्च उचलतात. आपल्या कामासाठी तो चुकीचा आहे. अमायलोजच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा एकमेकींना बिलगून स्फटिकरूप होतात. अशी फिल्म थंड पाण्यात विरघळत नाही आणि लहान आतड्यातल्या अमायलेजलाही (स्टार्च पचवणाऱ्या विकरालाही, म्हणजे एन्झाइमलाही) बराच दाद देत नाही. याच गुणामुळे अमायलोज आणि एथिलसेल्युलोज यांचं मिश्र कोटिंग औषध मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचवण्यासाठी वापरलं गेलं आहे. म्हणजे स्टार्चच्या लेपाने औषध लवकरही सुटतं आणि उशिराही. कोणता स्टार्च आणि तो कसा वाळवला, यावर ते ठरतं.

माझी पसंती टॅपिओका किंवा वॅक्सी मका यांना. टॅपिओकात अमायलोज मक्यापेक्षा कमी असतं आणि मेद जवळजवळ नसतो. मेदाकडे लोक लक्ष देत नाहीत. मका, गहू यांसारख्या धान्यांच्या स्टार्चमध्ये थोडा मेद असतो. तो अमायलोजच्या वेटोळ्यात शिरून बसतो, खळ गढूळ होते आणि लेपाची पाणी ओढण्याची तयारी कमी होते. कंदांच्या स्टार्चमध्ये ही अडचण नाही. बटाट्याची खळही स्वच्छ होते, पण त्याच्या अमायलोपेक्टिनवर फॉस्फेटचे गट असतात. त्यामुळे खळ फार घट्ट होते आणि मिठाच्या थोड्या प्रमाणानेही तिचा दाटपणा बदलतो. तुमचं औषध धनभारित असेल तर या फॉस्फेटशी त्याची जवळीक होते का, तेही तपासावं लागतं. एखाद्या अनोळखी कंदाचा स्टार्च स्वतः काढून वापरायचा असेल तर तसं जरूर करा, पण अमायलोजचं प्रमाण, मेद, प्रथिनं, आर्द्रता आणि सूक्ष्मजीवांची संख्या मोजल्याशिवाय त्यावर एकही लेप देऊ नका. नाहीतर दोन बॅचमधला फरक औषधाचा की स्टार्चचा, हे कधीच कळणार नाही.

आता कच्चा स्टार्च आणि शिजवलेला स्टार्च यांत फरक करायला हवा. कच्चा स्टार्च म्हणजे अखंड दाणे. तांदळाचे ३ ते ८ मायक्रॉन, मक्याचे साधारण ५ ते २५, बटाट्याचे १०० पर्यंत. कोरड्या पद्धतीने एका कणावर दुसऱ्याचा थर द्यायचा तर थर देणारा कण निदान दहापट लहान हवा. तुमचं औषध १० मायक्रॉनचं असेल तर तांदळाचा सर्वांत बारीक दाणासुद्धा त्यावर ‘लेप’ म्हणून बसू शकत नाही. मिक्सरमध्ये जे होतं ते उलट असतं: औषधाचे कण स्टार्चच्या दाण्यांवर जाऊन चिकटतात. हेही चांगलंच आहे. हर्सी यांनी १९७५ मध्ये या प्रकाराला क्रमबद्ध मिश्रण म्हटलं, आणि कमी डोसच्या औषधाला मी आजही आधी हाच मार्ग सुचवतो, कारण यात पाणी नाही, उष्णता नाही आणि कण एकमेकांपासून सुटे राहतात. पण ४०० मिग्रॅच्या डोसला तेवढा वाहक गोळीत मावत नाही. तुमच्या डोसला खरा लेपच हवा, आणि खरा लेप हवा असेल तर स्टार्च शिजवायलाच हवा.

लेप किती द्यावा? यावर अंदाजे आकडे फेकण्यापेक्षा भूमिती वापरा. गोल कणासाठी, कणाच्या तुलनेत लेपाचं आकारमान म्हणजे जाडीच्या सहापट भागिले व्यास. कण १० मायक्रॉनचा आणि लेप ०.१ मायक्रॉनचा असेल तर आकारमानाने ६ टक्के. स्टार्चची घनता १.५ आणि औषधाची १.१ च्या आसपास धरली तर वजनाने साधारण ८ टक्के. तोच लेप ५० मायक्रॉनच्या कणावर दिला तर वजनाने दीड टक्क्याच्या थोडं वर, आणि २ मायक्रॉनच्या कणावर ४० टक्क्यांच्या पुढे. म्हणून ‘पाच टक्के स्टार्च’ या वाक्याला कणाचा आकार सांगितल्याशिवाय काही अर्थ नाही. खरे स्फटिक गोल नसतात. सुयांसारखे किंवा पत्र्यांसारखे असतील तर हिशेबाच्या दीड-दोन पट स्टार्च घेऊन सुरुवात करा. त्यापुढे वाढवत गेलात तर एका टप्प्यावर वेग पुन्हा उतरायला लागतो, कारण फुगलेला स्टार्च कणाभोवती चिकट जेल धरतो आणि तो स्थिर थर जाड होतो. म्हणून निदान तीन प्रमाणं करून पाहा आणि वेग जिथे सर्वांत जास्त येतो ते प्रमाण धरा. ‘जितका जास्त तितका बरा’ हे इथे चालत नाही.

प्रत्यक्ष कृती अशी. स्टार्च थंड पाण्यात २ टक्क्यांपर्यंत कालवून ढवळत ९० ते ९५ अंशांपर्यंत न्या आणि अर्धा तास धरा. दाणे ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान फुगून फुटायला लागतात, पण तेवढ्यावर थांबलात तर फुगलेल्या दाण्यांची रिकामी कवचं शिल्लक राहतात आणि लेपाऐवजी गाठी पडतात. मग खळ ढवळत ४० अंशांवर आणा आणि बारीक चाळणीतून गाळा. हे थंड करणं तुमच्या औषधासाठी अत्यावश्यक आहे: आयबुप्रोफेन ७५ ते ७८ अंशांना वितळतं, गरम खळीत टाकलं की त्याचे तेलकट थेंब होतात आणि थंड झाल्यावर तुमचा कणांचा आकार पूर्ण हातातून गेलेला असतो. खळ त्याच दिवशी वापरा. रात्रभर ठेवलेल्या खळीत अमायलोजचं पुन्हा स्फटिकीकरण सुरू झालेलं असतं, आणि ती सूक्ष्मजीवांसाठीही उत्तम खाद्य असते.

यानंतरची पायरी सर्वांत कठीण. जी पावडर पाण्याला नाखूष आहे, ती खळीलाही नाखूषच असते. साध्या स्टार्चच्या द्रावणाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा फारसा कमी नसतो. म्हणजे ज्या ओलेपणासाठी लेप द्यायचा, तोच ओलेपणा लेप देतानाही लागतो. उपाय दोन. पॉलिसॉर्बेट ८० (एक पृष्ठसक्रिय द्रव्य) अगदी थोडं घालून पावडर आधी घट्ट लापशीसारखी कालवायची, हाय-शिअर मिक्सरने गाठी फोडायच्या आणि मग खळ थोडी थोडी मिसळायची. किंवा ऑक्टेनिल सक्सिनेट स्टार्च वापरायचा, ज्यात पाण्याला नाखूष असा तुकडा स्टार्चवरच जोडलेला असतो आणि तो औषधाच्या पृष्ठभागाला स्वतःहून धरतो. माझ्या मते लेप देण्यासाठी हा सर्वांत कामाचा स्टार्च आहे, पण तो रासायनिक बदल केलेला आहे, त्यामुळे ‘नैसर्गिक’ हा तुमचा आग्रह तिथे सोडावा लागेल. पॉलिसॉर्बेट वापरलंत तर तेवढंच पॉलिसॉर्बेट घातलेला पण स्टार्चविना असा एक नमुना शेजारी ठेवाच. अनेकदा श्रेय स्टार्चला जातं आणि काम पॉलिसॉर्बेटने केलेलं असतं.

एथनॉल ओतून स्टार्च कणांवर बसवण्याची पद्धतही आहे. स्टार्च एथनॉलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो खाली बसताना कणांवर थर धरतो. पण आयबुप्रोफेन एथनॉलमध्ये भरपूर विरघळतं. तुमच्या औषधाला ही पद्धत नको.

वाळवण्यासाठी स्प्रे ड्रायर असेल तर तोच वापरा. थेंबात पाणी आहे तोवर बाष्पीभवनामुळे कण गार राहतो. धोका शेवटच्या टप्प्यात आणि चेंबरच्या भिंतीवर चिकटून राहिलेल्या पावडरीला. म्हणून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान ६० अंशांच्या खाली ठेवा आणि त्यासाठी फवाऱ्याचा वेग कमी करावा लागला तरी करा. ट्रेमध्ये वाळवलंत तर कण एकमेकांना चिकटून पापडी होते, ती दळावी लागते आणि दळताना लेप तुटून नवा उघडा पृष्ठभाग तयार होतो. फ्लुइड बेडची (खालून हवा सोडून पावडर तरंगत ठेवण्याची) कल्पना चांगली वाटते, पण गेल्डार्ट यांच्या १९७३ च्या वर्गीकरणातल्या ‘क’ गटातली, म्हणजे साधारण ३० मायक्रॉनच्या खालची चिकट पावडर हवेत नीट उचलली जात नाही. तिच्यात हवा वाटा पाडून निघून जाते.

ही ओली पद्धत प्रत्येक औषधाला चालत नाही. कार्बामॅझेपिनचं उदाहरण सांगतो, कारण तेही याच वर्गातलं आणि त्यावर हा प्रयोग करण्याचा मोह सगळ्यांना होतो. निर्जल कार्बामॅझेपिन पाण्यात पडून राहिलं की त्याचं डायहायड्रेट (पाण्याचे रेणू धरलेलं स्फटिकरूप) होतं आणि त्याची विद्राव्यता मूळ रूपापेक्षा कमी असते. खळीत तासन्‌तास ढवळलंत तर लेप उत्तम बसतो, पण आतलं औषध बदललेलं असतं. वाळवताना ते पुन्हा निर्जल होईल, पण कोणत्या स्फटिकरूपात, याची खात्री नाही. अशा औषधाला कोरडा मार्ग घ्या किंवा पाण्याशी संपर्क मिनिटांवर आणा, आणि प्रत्येक टप्प्यावर एक्सआरडी काढा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरूप तपासा.

लेप खरोखर बसला आहे का, हे पाहायची माझी आवडती चाचणी आयोडीनची. काचपट्टीवर थोडी पावडर, त्यावर आयोडीनच्या अतिसौम्य द्रावणाचा एक थेंब, आणि सूक्ष्मदर्शक. औषध रंग घेत नाही, स्टार्च निळा-जांभळा होतो. वॅक्सी असेल तर तांबूस तपकिरी. लेप बसला असेल तर प्रत्येक स्फटिकाची कड रंगलेली दिसते, कोपऱ्यांवर फिकी आणि सपाट बाजूंवर गडद. बसला नसेल तर रंगहीन स्फटिक एकीकडे आणि निळे गोळे दुसरीकडे. मग तुमच्याकडे लेप नाही, दोन पावडरींचं मिश्रण आहे. स्प्रे ड्रायिंगमध्ये औषधाविना वाळलेले स्टार्चचे मोकळे थेंबही असेच दिसतात. आता ध्रुवीकृत प्रकाश लावा: न शिजलेला दाणा राहिला असेल तर त्यावर काळी फुली दिसते, नीट शिजलेल्या स्टार्चवर ती नसते. दहा मिनिटांच्या या कामातून जे कळतं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या सुंदर छायाचित्रातून कळत नाही, कारण तिथे स्टार्च आणि औषध दोन्ही सारखेच राखाडी दिसतात.

दुसरी चाचणी मी हट्टाने करायला लावतो. लेप दिलेली पावडर अल्फा-अमायलेजच्या द्रावणात, औषध विरघळणार नाही अशा पीएचला, हलवून लेप काढून टाका. धुवा, सौम्य तापमानाला वाळवा आणि पुन्हा डिसोल्युशन घ्या. वेग मूळ औषधाइतका खाली आला तर श्रेय लेपाचं. तो वरच राहिला तर प्रक्रियेत औषधाचे कण बारीक झाले आहेत किंवा स्फटिकरूप बदललं आहे, आणि तुम्ही चुकीच्या गोष्टीचं मोजमाप करत आहात. याच्या जोडीला त्याच प्रमाणातलं साधं मिश्रण आणि निव्वळ औषध, हे दोन नमुने हवेतच.

डिसोल्युशनच्या माध्यमाबद्दल. आम्लात सोडियम लॉरिल सल्फेट हे पृष्ठसक्रिय द्रव्य घातलंत तर सगळेच नमुने भिजतात आणि लेपाचा फायदा आलेखातून नाहीसा होतो. गुणवत्ता तपासणीसाठी ते घालावं लागेल, पण लेप पारखताना नको. पहिल्या १५ मिनिटांत जास्त वेळा नमुने घ्या, कारण फरक तिथेच असतो. फिल्टरकडे लक्ष द्या: फुगलेला स्टार्च फिल्टर तुंबवतो आणि अतिसूक्ष्म औषध त्यातून निसटून आकडा फुगवतं. यूव्हीवर मोजत असाल तर स्टार्चचा गढूळपणाही शोषणात धरला जातो. शक्य असेल तर एचपीएलसीवर मोजा, तिथे औषध बाकी घटकांपासून वेगळं करून मोजलं जातं.

आता तुमची तीन महिन्यांची घसरण. स्टार्चला दोष देण्याआधी एक सांगा: तीन महिन्यांनी तपासली ती पावडर होती की कॅप्सूल? ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत जिलेटिनच्या कॅप्सूलचं क्रॉसलिंकिंग होतं (साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात), कवच पाण्यात नीट उघडत नाही आणि दोष आतल्या पावडरीवर येतो. कॅप्सूल उघडून पावडर वेगळी तपासा. अशा वेळी माध्यमात विकर घालायची सोय असते, पण इथे पॅन्क्रिएटिन वापरू नका. त्यात अमायलेजही असतं, म्हणजे जिलेटिनबरोबर स्टार्चचा लेपही निघून जाईल आणि दोन कारणं एकमेकांत मिसळतील. आम्ल माध्यमात पेप्सिन घ्या.

पावडरच मंदावली असेल तर दोन संशयित. पहिला, लेपाचं पुन्हा स्फटिकीकरण, म्हणजे रेट्रोग्रेडेशन. ठरावीक वजनाची पावडर थंड पाण्यात पाच मिनिटं हलवा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या पाण्यात आयोडीन घालून ६२० नॅनोमीटरच्या आसपास शोषण मोजा. ताजा लेप पाण्यात सुटतो आणि पाणी निळं होतं. म्हातारा झालेला लेप सुटत नाही आणि रंग फिका येतो. पहिल्या दिवसाचा नमुना नीट कोरडा आणि बंद ठेवला असेल तर तुलना लगेच होते. (वॅक्सी स्टार्चसाठी ५४० च्या आसपास मोजा.) दुसरा संशयित आर्द्रता. पाणी हे स्टार्चचं प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ करणारं द्रव्य. दमट हवेत लेप मऊ पडतो आणि शेजारचे कण एकमेकांना चिकटतात. मग आयोडीनचा रंग जवळपास तसाच येतो, पण लेझर डिफ्रॅक्शनवर कणांचा आकार वाढलेला दिसतो. पहिल्याचा उपाय स्टार्च बदलण्यात आहे: अमायलोज कमी, खळ ताजी, वाळवणं झटपट. दुसऱ्याचा उपाय पॅकिंगमध्ये आणि वाळवणीच्या शेवटच्या आर्द्रतेत. मी स्टार्चच्या वजनावर ७ ते १० टक्के धरतो. त्याहून कोरडी केली तर पावडर विद्युतभारित होऊन भांड्याला चिकटते. औषधाचं अस्फटिक रूप परत स्फटिक झालं असेल, हा तिसरा संशय तुमच्या बाबतीत मी मागे ठेवीन. आयबुप्रोफेनसारख्या औषधाचं काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर अस्फटिक रूप मऊ पडतं) शून्याच्या बरंच खाली असतं, अस्फटिक रूप त्याच्यात टिकतच नाही.

गोळी करणार असाल तर मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालतात ते) जपून. ते कणांवर पसरणारं, पाण्याला नाखूष असणारं द्रव्य आहे. मिश्रण जास्त वेळ फिरवलं तर कष्टाने दिलेल्या लेपावर त्याचाच थर बसतो. शेवटी घाला, कमी वेळ फिरवा, किंवा सोडियम स्टिअरिल फ्युमरेट वापरा. दाबाखाली लेपाला तडे जातात, त्याची चिंता करू नका. तड्यांतूनही पाणी स्टार्चच्या कडेनेच आत जातं.

फार्माकोपियाच्या (औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या) दृष्टीने मका, बटाटा, तांदूळ, गहू, टॅपिओका आणि प्रीजिलेटिनाइज्ड स्टार्च हे ओळखीचे घटक आहेत, तेवढी तुमची बाजू भक्कम आहे. खरेदी करताना सल्फर डायऑक्साइडचा आकडा मात्र मागून घ्या. स्टार्च काढताना तो वापरला जातो आणि युरोपीय फार्माकोपियात त्याची मर्यादा दशलक्षात ५० भाग आहे. तुमचं औषध त्याला संवेदनशील असेल तर मर्यादेच्या आतलाही अंश पुरेसा त्रास देतो.

तुमच्या जागी मी असतो तर आधी साठवलेल्या जुन्या नमुन्यावर आयोडीनची ती पाच मिनिटांची चाचणी केली असती. त्यानंतर त्याच औषधावर वॅक्सी मक्याचा लेप देऊन, वर काढलेल्या हिशेबाच्या निम्मं, तेवढंच आणि दुप्पट अशी तीन प्रमाणं, पॉलिसॉर्बेटचा शेजारी नमुना ठेवून, स्प्रे ड्राय केली असती. मग त्यातलं निम्मं ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत उघडं ठेवलं असतं आणि निम्मं बंद पाकिटात. चार आठवड्यांत उघड्या आणि बंद नमुन्यांत फरक पडला तर आर्द्रता, दोन्ही सारखेच मंदावले तर स्टार्च. हे आकडे हाती आले की कणांचा आकार आणि अमायलोजच्या टक्केवारीसह कळवा, पुढचं प्रमाण मिळून ठरवू.